एक घाव, दोन तुकडे : जळण फोडायला हत्यार कोणते घ्यावे?

‘एक घाव, दोन तुकडे’ असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. पण बाभळीचा गाठाळ ओंडका समोर ठेवून हाती लागेल ती कुऱ्हाड चालवली, की घाव दहा आणि तुकडा एकही नाही, असे होते. कुऱ्हाड लाकडात अडकून बसते, ती ओढून काढताना दांडा ढिला होतो, कंबर धरते. मग संध्याकाळी घरचा माणूस म्हणतो, “आता अंगात पूर्वीची ताकद राहिली नाही.” वाचकहो, आमचे म्हणणे असे आहे की, बहुतेक वेळा ताकद कमी पडलेली नसते; हत्यार चुकलेले असते.

गॅसच्या दिवसांत हा विषय कशाला, असे बडोदे शहरातल्या काही वाचकांना वाटेल. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबांच्या घरीही सिलिंडर पोचले, हे खरे. तरीही सिलिंडर संपला की चूल पेटतेच. पादरा, सावली, वाघोडिया, डभोई या बाजूच्या वस्त्यांत आंघोळीचे पाणी अजून लाकडावर तापते. लग्नाचा किंवा सणाचा मोठा स्वयंपाकही अनेक ठिकाणी लाकडावरच होतो. शिवाय वादळात झाडे पडतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने गुजरातेत आंब्यासारखी मोठी झाडे मुळासकट आडवी केली. अशा पडलेल्या झाडाचे जळण करायचे काम घरात कोण करते? पुष्कळदा आई करते, नाही तर म्हातारे आजोबा. म्हणूनच हत्याराची निवड हा आरोग्याचाही विषय आहे, असे आम्हांला वाटते.

तोडणे वेगळे, फोडणे वेगळे

लाकडाचे तंतू मुळापासून शेंड्याकडे उभे धावतात. लाकूड आडवे तोडायचे तर हे तंतू कापावे लागतात. त्यासाठी पातळ आणि तीक्ष्ण धार हवी. लाकूड उभे फोडायचे तर तंतू कापायचे नसतात, त्यांना एकमेकांपासून दूर सारायचे असते. त्यासाठी पाते पाचरीसारखे जाड हवे.

बांबू चिरणाऱ्या बुरुडाकडे पाहा. तो टोकाशी पाते रुतवतो आणि पिळतो. पुढे बांबू आपोआप फाकत जातो. तोच बांबू आडवा तोडताना मात्र त्याला धारेचे काम पडते. ओंडक्याचेही असेच आहे. झाड तोडायची पातळ कुऱ्हाड ओंडक्यावर उभी मारली, की ती खोल जाते आणि तेथेच रुतून बसते, कारण तिच्या गालांना लाकूड बाजूला सारण्याइतकी जाडीच नसते. जाड पात्याची कुऱ्हाड तितकी खोल जात नाही, पण जाईल तेवढ्यात तडा पाडते. फोडण्याच्या कामात तडा पडला की अर्धे काम झाले.

पाच हत्यारे आणि त्यांची कामे

पहिले हत्यार करवत. फोडण्याआधी ओंडका चुलीच्या मापाने आडवा कापून घ्यावा. साधारण एक फूट लांबी पुरते. लांबच लांब लाकूड उभे फोडण्याचा हट्ट धरू नये. लांबी जितकी कमी, तितके फोडणे सोपे. हे आडवे तुकडे कुऱ्हाडीने केले तर ढलप्या उडून लाकूडही वाया जाते.

दुसरे कोयता, किंवा गुजरातीत म्हणतात ते धारियुं. मनगटाएवढ्या फांद्या आणि काटेरी डहाळ्या छाटायला हे उत्तम. मोठा ओंडका फोडायला ते घेऊ नये. मात्र फोडलेल्या लाकडाच्या बारीक काड्या करायच्या असतील तर आखूड कोयत्याची एक सुरक्षित रीत आहे. तुकडा ठोकळ्यावर उभा करावा, कोयत्याची धार त्याच्या डोक्यावर टेकवावी आणि पाठीवर लाकडी मोगरीने ठोकावे. यात हत्यार हवेत उगारावेच लागत नाही. ज्यांची नजर किंवा खांदा अधू आहे, त्यांनी हीच रीत धरावी.

तिसरे नेहमीची कुऱ्हाड. तिचे लोखंड साधारण एक ते दीड किलोचे आणि पाते पातळ असते. झाड तोडणे, फांद्या उतरवणे, आणि आंबा, सुबाभूळ यांसारखी मऊ व सरळ लाकडे फोडणे एवढे तिच्याकडून होते. घरात एकच हत्यार ठेवणे शक्य असेल तर हेच राहते. पण गाठाळ लाकडाची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

चौथे जाड पात्याची कुऱ्हाड. तिचे लोखंड दोन ते तीन किलोचे असून पाते धारेपासून पाठीकडे झपाट्याने जाड होत जाते. ही खास फोडण्यासाठीच. दुकानात मिळाली नाही तर ओळखीच्या लोहाराकडून घडवून घ्यावी. रस्त्याकडेला गाड्या सोडून भाता चालवणारे गाडी लोहारही अशी कामे करतात. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद धारेला चांगले असते. लोहाराला इतकेच सांगावे, “तोडायची नको, फोडायची हवी, गाल जाड ठेवा.”

पाचवे पाचर आणि घण. मोठा, पिळाचा किंवा गाठींचा ओंडका याच जोडीने फुटतो. पाचरी नेहमी दोन घ्याव्यात. एक अडकली तर दुसरी तड्यात पुढे मारून पहिली मोकळी करता येते. दुसरी पाचर लोखंडाची परवडत नसेल तर वाळलेल्या बाभळीची करून घ्यावी. घण तीन ते चार किलोचा पुरे. येथे एक सक्त सूचना आहे. कुऱ्हाड अडकली म्हणून तिच्या पाठीवर घण मारू नये आणि कुऱ्हाडीच्या पाठीचाही घण करू नये. तसे केल्याने दांडा बसवायचे भोक वाकडे होते, आणि पोलादावर पोलाद आपटून कपची उडाली तर ती डोळ्यात जाते. पाचरीचे डोके ठोकून ठोकून फुलासारखे पसरले असेल तर ती पसरलेली कड कानशीने किंवा लोहाराकडून काढून टाकावी. तीच कड तुटून उडते.

लाकूड पाहून हत्यार

आपल्या भागात मिळणारी लाकडे सारखी नाहीत. आंबा मऊ, नेहमीच्या कुऱ्हाडीनेही फुटतो. सुबाभूळ मध्यम आणि बहुधा सरळ. गुजरातेत १९७० आणि १९८० च्या दशकांत शेतकऱ्यांनी शेतात व बांधावर नीलगिरी मोठ्या प्रमाणावर लावली. ही नीलगिरी ओली असतानाच फोडावी. वाळली की ती फार कठीण होते आणि तिच्या तंतूंचा पीळ कुऱ्हाडीला दाद देत नाही.

देशी बाभूळ कठीण आणि चिवट. गाडीची चाके आणि अवजारांचे दांडे तिचे करीत, ते उगाच नव्हे. तिला जाड कुऱ्हाड हवी. तिच्यातही ओलेपणीच काम उरकावे. वेडी बाभूळ, म्हणजे येथल्या लोकांचा गांडो बावळ, जळायला उत्तम, पण तिचे खोड वेडेवाकडे आणि काटे वाईट. आधी कोयत्याने काटे उतरवावेत, मग करवतीने आखूड तुकडे करावेत आणि शेवटी कुऱ्हाड उचलावी. चिंचेचे खोड किंवा कोणत्याही झाडाचा बुंधा असेल तर कुऱ्हाडीचा नाद सोडून सरळ पाचर व घण घ्यावा.

पुरात वाहून आलेल्या किंवा भिजलेल्या लाकडाबद्दलही सांगितले पाहिजे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला मोठा पूर आला. अशा पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या सालीत वाळू व चिखल बसतो आणि दोन घावांत धार जाते. असे लाकूड आधी धुऊन, साल सोलून मग फोडावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पडलेले झाड वेगळे आणि उभे झाड वेगळे. उभे झाड तोडण्याआधी परवानगी लागते का, याची तलाठ्याकडे चौकशी करावी.

माणूस पाहून वजन

जड हत्यार म्हणजे चांगले हत्यार, ही समजूत फार पसरलेली आहे. घावाचा जोर वजनावर असतो, तसाच वेगावर असतो, आणि वेगाचा हिस्सा मोठा असतो. हत्याराचे वजन दुप्पट केले तर जोर दुप्पट होतो. पण वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. चार किलोचे हत्यार ज्याला धड उगारता येत नाही, त्याचा घाव दोन किलोच्या हत्यारापेक्षा हलकाच पडतो, आणि शिवाय वाकडा पडतो.

बडोदे ही आखाड्यांची नगरी. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव ही नावे येथल्या जुन्या मराठी घरांत सर्वांना माहीत आहेत. तालमीत गेलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की ताकदीच्या आधी तोल यावा लागतो. हत्यार घेताना दुकानातच एक परीक्षा करावी. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हत्यार दोन्ही हातांनी सावकाश डोक्यावर न्यावे आणि तितकेच सावकाश खाली आणावे. असे दहा वेळा करावे. दहाव्या वेळीही ते न डगमगता ठरल्या जागी उतरत असेल तर वजन आपल्याला झेपते. हात थरथरला तर एक पायरी हलके हत्यार घ्यावे, त्यात लाज नाही. आणि परीक्षा ज्याने लाकूड फोडायचे त्यानेच द्यावी. कर्त्या पुरुषाने आपल्या मापाची कुऱ्हाड आणायची आणि ती घरच्या बाईने चालवायची, हे बरोबर नव्हे.

दांडा आणि धार

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण झाडांच्या बाजूने झाली. ढिला दांडा मात्र माणसाच्या गोताला काळ होतो. जुन्या करारात, अनुवादाच्या १९ व्या अध्यायात, शेजाऱ्याबरोबर रानात लाकडे तोडायला गेलेल्या माणसाची गोष्ट येते. त्याच्या कुऱ्हाडीचे लोखंड दांड्यातून निसटते आणि शेजाऱ्याचा जीव जातो. मनात वैर नसताना असे घडलेल्या माणसाला आश्रय मिळावा म्हणून नगरे नेमून दिलेली होती. इतका हा अपघात जुना आणि ओळखीचा आहे. म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी दांडा हलवून पाहावा. उन्हाळ्यात लाकूड आकसते व दांडा ढिला होतो. पाण्यात बुडवून ठेवला तर तो फुगून घट्ट वाटतो, पण वाळल्यावर पुन्हा पूर्वीपेक्षा ढिला होतो. खरा उपाय म्हणजे नवी पाचर ठोकणे किंवा दांडा बदलणे. कुदळीसारखा वरून घातलेला, डोक्याकडे जाड होत जाणारा दांडा असेल तर लोखंड निसटण्याची भीती कमी.

दांडा धामणीचा किंवा बाभळीचा, सरळ तंतूंचा आणि गाठ नसलेला घ्यावा. त्यावर रंग असेल तर तडा दिसत नाही, म्हणून बिनरंगी बरा. उभ्याने फोडायचे तर दांडा अडीच ते तीन फुटांचा असावा. आखूड दांडा हाताळायला सोपा वाटतो, पण नेम चुकला की त्याची फेरी नडगीवर किंवा पायावर येते. लांब दांड्याची बहुधा आधीच जमिनीत जाते. ज्यांना आखूडच सोयीचा वाटतो, त्यांनी गुडघे टेकून काम करावे.

धारेविषयी उपदेशकाच्या १० व्या अध्यायातला सल्ला आम्हांला फार व्यवहारी वाटतो. लाकडे फोडणाऱ्याला त्यातच धोका असतो, असे तेथे बजावले आहे, आणि लगेच पुढे म्हटले आहे की, लोखंड बोथट असेल आणि धार लावली नाही तर जोर जास्त लावावा लागतो. धार उजेडात धरून पाहावी. कडेवर पांढरी चमकणारी रेघ दिसली तर ती बोथट झाली आहे. कानस किंवा सहाण वापरावी. विजेच्या सहाणेवर घाईने घासले आणि पाते निळे पडले, तर पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. जाड कुऱ्हाडीला वस्तऱ्याची धार लागत नाही, पण ती लाकडावरून उसळू नये इतकी तरी असावी.

फोडण्याची रीत

लाकूड जमिनीवर ठेवून, पायाने दाबून धरून फोडण्याची आपल्याकडे सवय आहे. ती आजच सोडावी. गुडघ्यापेक्षा कमी उंचीचा रुंद ठोकळा घ्यावा आणि लाकूड त्याच्या पलीकडच्या कडेवर उभे करावे. लाकूड उभे राहत नसेल तर ठोकळ्यावर गाडीचा जुना टायर ठेवून त्यात उभे करावे. तुकडेही उडत नाहीत. लाकूड हाताने धरू नये. पाय खांद्याइतके फाकलेले, पायांत बंद बूट. साडीचा पदर व ओढणी खोचलेली. आणि मुले दहा पावले लांब.

लाकडाच्या तोंडावर आधीच बारीक तडे असतात. घाव त्या तड्यावर घालावा, गाठीवर नव्हे. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर मारू नये; कडेकडेने फळ्या काढीत आत जावे. घाव उतरताना गुडघे वाकवावेत, म्हणजे कंबरेवर ताण येत नाही. थकवा आला की थांबावे.

फोडलेले लाकूड आणि धूर

फोडण्याचा मोठा लाभ चुलीपाशी दिसतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते, आणि उरतो तो धूर. साल न फोडलेला ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला राहतो. फोडलेले लाकूड उघड्या तोंडांनी वाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. लहान मुलांचा न्यूमोनिया, स्त्रियांचा दीर्घकाळचा दम आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ साली ‘मगन चूल’ तयार झाली आणि १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो याच त्रासापायी. पण कितीही चांगली चूल असली तरी ओला ओंडका तिच्यात धूरच करतो.

आपल्या भागात जूनच्या मध्यानंतर पाऊस धरतो. तेव्हा होळीच्या सुमारास फोडणी उरकावी, एप्रिल-मेचे ऊन लागू द्यावे आणि पावसापूर्वी जळण छपराखाली न्यावे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता टणक आवाज आला आणि साल सुटू लागली, की ते वाळले. रास विटांवर, घराच्या भिंतीपासून दूर रचावी. राशीत विंचू आणि साप बसतात. हात घालण्याआधी काठीने हलवावे.

घाव लागलाच तर

स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि तो अवयव उंच ठेवावा. हळद, राख, चहाची पूड काहीही भरू नये. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. डोळ्यात कपची गेली तर चोळू नये, डोळा दाबू न देता झाकावा. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. काटा रुतला किंवा जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या सुईविषयी डॉक्टरांना विचारावे.

एक सूचना

पाच हत्यारे प्रत्येक घराने विकत घ्यावीत असे आमचे म्हणणे नाही. करवत आणि साधी कुऱ्हाड घरात असावी. जाड कुऱ्हाड, दोन पाचरी आणि घण वर्षातून चार दिवस लागतात. ते आठ-दहा घरांनी मिळून घ्यावेत आणि एका घरी ठेवावेत. मागून आणलेल्या हत्याराची चिंता काय असते हे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात दिसते. यार्देनेच्या काठी लाकूड तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचे लोखंड पाण्यात पडले, तेव्हा तो अलीशाकडे कळवळून बोलला तो मुख्यतः यासाठी की, ती कुऱ्हाड मागून आणलेली होती. तेव्हा सामाईक हत्यार नेताना दांडा तपासावा आणि परत करताना धार लावून, तेलाचा हात फिरवून द्यावे. पुढच्या घरी ते कदाचित एखादी आजीच उचलणार असेल.